निरोगींपैकी सतरावी

सतरा नंबरची नळी उकळत्या पाण्यातून बाहेर काढली तेव्हा नीलिमाला आधी वाटलं, आपलाच हात चुकला. लाकडी स्टँडच्या खालच्या ओळीत निरोगी बायकांच्या नळ्या होत्या. त्यांच्यातलं पाणी जेमतेम गुलाबी झालं होतं, चूळ टाकताना हिरडीचं रक्त उतरावं इतपत. सतरा नंबर तेवढी गर्द होती. तिचा रंग वरच्या ओळीतला होता, आणि वरच्या ओळीत वॉर्डातल्या बायका होत्या. त्यांतल्याही निम्म्या हिच्यापुढे फिक्या दिसत होत्या. तिने नळी उचलून खिडकीशी धरली. एप्रिलची दुपार होती. खिडकीच्या जाळीवर हळदीची धूळ बसली होती. यार्डात सौदे सुरू झाले की या दिवसांत सांगलीत ती सगळ्यावरच बसते, भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, रिक्षाच्या टपावर. त्या पिवळट उजेडात नळीतला गुलाबी रंग विटकरी दिसायला लागला. तिने घाईघाईने नळी जागेवर ठेवली, कुणी बघितलं तर नाही ना अशी. मग सोळा आणि अठरा नंबर बघितले. ते तसेच होते, पाण्यासारखे, निर्धास्त.

गेलं दीड वर्ष ती हे काम करत होती. कॅन्सरच्या या रुग्णालयात लॅबमध्ये तिला बारा वर्षं झाली होती. हिमोग्लोबिन, साखर, लघवी हे रोजचं. त्यातून वेळ काढून मानसिंगसरांचा अभ्यास. सर जीवरसायनशास्त्रातले. पहिल्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवून समजावलं होतं, "बाई, लोखंड गंजतं ना, तसं माणूसही आतून गंजत असतं. श्वास घेतला की थोडा गंज चढतोच. तब्येत धड असली की शरीर तो पुसत राहतं. गाठ आली की पुसणं मागं पडतं आणि गंज साठतो." स्तनाचा कॅन्सर झालेल्या तीस बायका आणि निरोगी तीस बायका, दोन्ही गटांच्या रक्तातला हा गंज मोजायचा, शिवाय तांबं, जस्त, सेलेनियम ही कणाकणाने असणारी द्रव्यं. रोगी बायकांत तांबं चढतं आणि जस्त उतरतं असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं होतं, आपल्या बायकांत काय होतं ते सरांना बघायचं होतं. गंज डोळ्यांना दिसायची खूण म्हणजे हा गुलाबी रंग. जितका गर्द, तितकं आत नासलेलं. त्यासाठी लागणाऱ्या रसायनाला एक कुजका वास होता. तो पदराला चिकटून घरापर्यंत यायचा. सरांचा एक नियम होता : सगळे नमुने एकाच वेळी करायचे. आज दोन, उद्या चार असे केले तर आकड्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. म्हणून रक्त काढून, त्यातलं वरचं पिवळसर पाणी वेगळं करून फ्रीझरमध्ये ठेवून द्यायचं. मुंबईहून रसायन यायला तीन महिने लागले. मग तांबं-जस्त मोजायचं यंत्र कोल्हापूरच्या ज्या प्रयोगशाळेत होतं तिथला जस्त मोजायचा खास दिवा गेला, तो परदेशातून यायचा होता. नळ्या फ्रीझरमध्ये थांबून राहिल्या. गोठलेल्या रक्ताला काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि त्यापलीकडे तिने कधी विचार केला नव्हता.

तिने सतरा नंबर दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. मग आणखी एकदा, नळ्या नव्याने धुऊन, पाणी नव्याने उकळून. रंग तोच. फक्त आता त्याचं आश्चर्य वाटेनासं झालं होतं, तिलाच नाही, त्या रंगालाही. तो आपल्या घरी आल्यासारखा नळीत बसला होता. तिने रजिस्टर काढलं. निरोगी गट, क्रमांक १७ : दगडाबाई, वय ४४, औंध. मूल झाल्याची, पाळीची, गोळ्यांची नोंद. शेवटचा रकाना, तक्रार : नाही. अक्षर तिचंच. नोव्हेंबरात औंधला शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं होतं, त्यात तिने एका दिवसात अकरा बायकांचं रक्त घेतलं होतं. तिला सतरंजी आठवली, डोंगरावरच्या यमाईच्या देवळाची उतरती सावली आठवली, स्पिरिटच्या बोळ्यांचा ढीग आठवला. अकरा हात आठवले, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या सरकवलेले. एकही चेहरा आठवेना. ती बराच वेळ त्या 'नाही'कडे बघत राहिली. 'ना'चा काना घाईत वाकडा झाला होता.

"काढून टाका," सर म्हणाले. त्यांनी आकडा बघितला, चष्मा कपाळावर सरकवला. "एखादा असा निघतोच. नमुना कुठंतरी बिघडला असेल."

"तीनदा केला, सर. तिन्ही वेळा तेच आलं."

"मग तिला तेव्हा ताप असेल. सांधे सुजले असतील. शंभर कारणं असतात बाई, हे काही निदान नव्हे. एका नळीवरून आपण कुणाला काही सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. उगाच त्या बाईला घाबरवाल." ते माणूस चांगले होते, बोलताना तिच्याकडे नीट बघत होते. "तांबं-जस्त येऊ दे. मग बघू."

ते म्हणत होते ते खरंच होतं. ती मान हलवून बाहेर आली. घरी प्रबुद्धने, तिच्या नवऱ्याने, शाळेतून येऊन चहा केला होता. तो काहीतरी सांगत होता, नवीन हेडमास्तरांबद्दल, आणि ती हसत होती, योग्य तिथे हसत होती, आणि तिचा पदर नाकाशी आला तेव्हा तिला त्या रसायनाऐवजी भलताच वास आला. वखारीचा. ओल्या तरटाचा, हळकुंडांचा, घामाचा. तिची आई बनाबाई हळदीच्या वखारीत निवडायला जायची. पहाटे पलूसहून गाडी धरून सांगलीला, दिवे लागताना परत. तिचं सगळंच पिवळं असायचं, नखं, टाचा, कानाच्या पाळ्या, लुगड्याचा काठ. पोरं चिडवायची, बनाबाई रोज नवरी. नीलिमा पंधरा वर्षांची होती त्या वर्षी आईच्या चोळीवर डाव्या बाजूला पिवळा डाग दिसायला लागला. मोठा. धुतला तरी राहणारा. पण आईच्या कुठल्या चोळीवर डाग नव्हता? नीलिमानेच त्या चोळ्या ओढ्यावर धुतल्या होत्या, दगडावर आपटून, साबण घासून. "आय, ह्यो डाग निघंना," ती म्हणाली होती. आई म्हणाली, "वखारीचा हाय. ऱ्हाऊ दे." आणि तो वखारीचा नव्हता. आई गाठीवर हळदीचा लेप लावत होती, गरम करून, अंगणाच्या कोपऱ्यात पाठमोरी बसून, सहा महिने, कदाचित वर्ष. लेकीला नाही, नवऱ्याला नाही, कुणाला नाही. कळलं तेव्हा वासावरून कळलं. त्यानंतर बावीस दिवस. त्या वेळी आई अडतीसची होती. नीलिमाला जूनमध्ये तेहतीस पूर्ण होणार होती. आंघोळ करताना ती नेहमी घाईत असायची, तांब्यावर तांबे ओतायची, आणि अंगावरून हात फिरवताना दोन ठिकाणी तिचा हात, तिच्या नकळत, न थांबता पुढे जायचा.

दहा दिवसांनी तांबं-जस्ताचे आकडे आले. थर्मासात बर्फ घालून नीलिमाच नळ्या कोल्हापूरला घेऊन गेली होती आणि दिवसभर यंत्राशेजारी उभी राहिली होती. निळसर ज्योतीत एकेक थेंब जायचा, काटा हलायचा, तिथला माणूस आकडा सांगायचा, ती लिहायची. सतराच्या वेळी तिने ऐकलं आणि पेन तसंच धरून ठेवलं. "लिहा की," तो माणूस म्हणाला. तांबं वर, जस्त खाली. तीस रोगी बायकांच्या आकड्यांत तो आकडा मिसळून टाकला असता तर पुन्हा हुडकून काढता आला नसता. परतीच्या एस.टी.त थर्मास मांडीवर होता. आत बर्फाचं पाणी झालं होतं, गाडी खड्ड्यात गेली की ते डुचमळायचं. तिला एकाएकी असं वाटलं की डब्यात कुणीतरी आहे आणि ते कूस बदलतंय. तिने झाकण घट्ट केलं. शेजारच्या बाईने विचारलं, "जेवान हाय व्हय?" ती हो म्हणाली.

तिने सरांना विचारलं नाही. रविवार होता. सांगलीहून विटा, विट्याला गाडी बदलून पुसेसावळीवरून औंध. रानं उघडी पडली होती, ज्वारी कधीच निघाली होती, बांधावर बाभळी तेवढ्या. ती स्वतःला बजावत होती की आपण कशालाच निघालेलो नाही, सहज निघालो आहोत, दुसरा नमुना पाहिजे म्हणून सांगायचं, ताप होता का एवढं विचारायचं. पण गाडी जसजशी पुढे जात होती तसतसं तिला आणखी एक सुचत होतं आणि ते नको होतं. निरोगी म्हणजे कोण? तिने विचारलं, काही त्रास? आणि जी नाही म्हणाली ती निरोगी. दुसरी कुठलीच पारख नव्हती. तिच्या आईला कुणी नळी घेऊन विचारलं असतं तर आई नाही म्हणाली असती, खाली मान घालून, आणि खालच्या ओळीत जाऊन उभी राहिली असती.

दगडाबाईचं घर गावाबाहेर वस्तीवर होतं. दगडाच्या भिंती, पुढे शेण सारवलेलं अंगण, मेंढरांचा रिकामा वाडा. एक शेळी बांधली होती. बाई उंबऱ्यात बसून लोकर विंचरत होती. अंगाने वाळलेली, उंच. नीलिमा कुंपणाशी थांबली आणि आपलं काय म्हणून सांगावं याची जुळवाजुळव करत होती, तोवर त्या बाईने हातातलं काम खाली ठेवलं.

"आलासा व्हय बाई," ती म्हणाली. "या. मी म्हनलं, आता काय येत न्हाईसा."

"मला ओळखलंत?"

"न वळकाया काय झालं? रगात घेतलंसा की माजं. शाळंत, दिवाळीच्या मागनं." तिने घोंगडं अंथरलं. "गाव कंचं तुमचं?"

"पलूस."

"पलूसात कुनाच्या?"

नीलिमा सवयीने क्षणभर थांबली. "बौद्धवाड्यातली. धोंडीबांची नात."

"बरं," म्हणून दगडाबाई उठली, चुलीवर आधण ठेवलं. घरात कप एकच होता. तो तिने नीलिमापुढे सरकवला, स्वतः वाटीत घेतला. मालक ज्योतिबा मेंढरं घेऊन दिवाळीलाच खाली उतरला होता, कोकणाच्या तोंडाला. जेठात परत यायचा. पोरगी दिली होती, पोरगा बापासंगं. ती हे सगळं सांगत होती आणि उजव्या हातानेच सगळं करत होती. चहा ओतला उजव्या हाताने, शेळी ओरडली तेव्हा दगड मारला उजव्या हाताने. डावा हात कुशीशी धरलेला, जसं काही काखेत मूल आहे. नीलिमाने कप खाली ठेवला.

"दगडाबाई, तुम्हाला काही त्रास होतो का?"

बाईने उठून दार लोटलं. आत अंधार झाला, कौलातल्या फटीतून उन्हाच्या दोन रेघा आल्या तेवढ्याच. पाठ न फिरवता तिने चोळीच्या गाठी सोडल्या. डावीकडे कापडाची घडी होती, ती अंगाला चिकटली होती, तिने पाण्याचा हबका मारून सोडवली. नीलिमाने बारा वर्षं कॅन्सरच्या रुग्णालयात काढली होती, पण लॅबमध्ये बाई येत नाही, हात येतो, नळी येते. कातडी आत ओढली गेली होती. बोंड बाजूला वळलं होतं. भोवती बिब्ब्याने भाजल्याचे काळे ठिपके, आणि त्यातल्या एका ठिपक्याला तोंड फुटलं होतं. वास आला. तो तिला ओळखीचा होता, अठरा वर्षांनी भेटलेल्या नात्यातल्या माणसासारखा, आणि तिने श्वास रोखला नाही.

"कधीपासून?"

"तवा हुतीच की. बोराएवढी हुती. बोटानं सरकवली की सरकायची."

"शिबिराच्या वेळी?" नीलिमाचा आवाज चढला. "अहो, मी विचारलं होतं तुम्हाला! मी प्रत्येकीला विचारलं होतं!"

"इचारलंसा." दगडाबाईने घडी पुन्हा ठेवली, पदर घेतला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "कागदाकडं बघून इचारलंसा. माज्या मागं धा बाया हुब्या, पल्याडच्या टेबलाला गडीमानसं. तुमची मान खाली. मी कुनाला सांगू? न्हाई म्हनलं. पर मनात म्हनलं, तोंड न्हाई म्हनलं तरी रगात काय लपवतंय? बाई शिकल्याली हाय, मशीन हाय. कळंल तिला. कळलं की यील."

बाहेर शेळी दावं ओढत होती. नीलिमाला स्वतःचे हात दिसत होते, मांडीवर पालथे पडलेले.

"म्हयना झाला," दगडाबाई म्हणाली. "दोन झालं. तुमी आला न्हाईसा. मग म्हनलं, काय नसंल. आसतं तर बाई आली आसती. लय बरं वाटलं बगा तवा. येक दोन म्हयनं लय बरं गेलं." ती किंचित हसली. "मग ती सरकायची ऱ्हायली."

फ्रीझरचा आवाज नीलिमाच्या कानात सुरू झाला. दिवसभर लॅबमध्ये तो चालू असायचा, कधी ऐकू यायचा नाही. पाच महिने या बाईने आपलं सगळं सांगून टाकलं होतं आणि सांगितलेलं बर्फात उभं होतं, सोळा आणि अठराच्या मध्ये. ती जेव्हा जेव्हा दार उघडून काही काढायची, तेव्हा तेव्हा तिचा हात त्याच्यावरून गेला होता.

"मशीनला गाठ कळत नाही, दगडाबाई," ती म्हणाली. हे सांगायलाच हवं होतं. "आम्ही दुसरं काहीतरी मोजत होतो. त्यातून गाठ आहे की नाही असं सांगता येत नाही."

"मग तुमी कशा आलासा?"

नीलिमा म्हणाली, आज माझ्याबरोबर सांगलीला चला. दगडाबाई म्हणाली, मालक आल्याबिगर कसं? त्यांना निरोप धाडावा तर कुठं धाडावा, आज ह्या रानात, उद्या त्या. जेठ काय लांब न्हाई. आणि शेळी कुणाकडं? आणि तिथं सगळं डाक्टर गडीमानसं. नीलिमाने रुग्णालयातल्या नर्सबाईंचं सांगितलं, बायकांच्या वॉर्डाचं सांगितलं, आणि ते सगळं बाजूला पडत गेलं. मग तिने आईचं सांगितलं. प्रबुद्धलाही तिने कधी नीट सांगितलं नव्हतं. चोळीवरचा डाग, ओढा, मी घासत होते आणि ती बघत होती. सांगताना तिला रडू आलं नाही. दगडाबाईने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मग गेल्या?" दगडाबाईने विचारलं.

"गेली."

"कळल्यावर किती दिसांनी?"

"बावीस."

दगडाबाई उठली, शेळी सोडली आणि शेजारच्या वस्तीवर बांधून आली. एक लुगडं पिशवीत घातलं. दाराला कडी घालताना तिने डावा हात उचलायला बघितलं, तो खांद्याच्या वर गेला नाही.

सर्जनांनी तपासलं, हात धुताधुता म्हणाले, "कुणी आणलं हिला? उशीर केला. सहा महिन्यांपूर्वी अगदी सोपं होतं." ते कुणाला उद्देशून बोलले नव्हते. काखेत गाठी होत्या. छातीच्या फोटोत उजवीकडे एक डाग होता, क्षयाचाही असेल, ते म्हणाले. पण त्यांच्या बोलण्यावरून त्यांना तसं वाटत नसावं. आधी जखम आणि गाठ काढून टाकू, पुढचं पुढं. मानसिंगसरांनी धावपळ करून बायकांच्या वॉर्डात खाट मिळवून दिली, दगडाबाईच्या उशाशी उभे राहून तिची चौकशी केली, कांद्याच्या भावापर्यंत गप्पा मारल्या. मग लॅबमध्ये येऊन खुर्चीवर बसले आणि टेबलावर बोटं वाजवत राहिले.

"निदानाच्या आधीचं रक्त आहे, बाई," ते म्हणाले. "गाठ बोराएवढी असतानाचं. असा नमुना कुणाला मिळत नाही. तिला निरोगींतून काढून वरच्या गटात घेतलं, आधीचं आणि आताचं असं शेजारी मांडलं तर..." त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मी काढून टाका म्हणालो होतो ना?"

"हो, सर."

"हं," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

सर गेल्यावर तिने रजिस्टर उघडलं. सतराच्या पुढचा 'नाही' खोडावा म्हणून पेन टेकवलं आणि डोळे वर गेले, खाली गेले. सोळा, नाही. पंधरा, नाही. अठरा, एकोणीस, बावीस. तेच अक्षर, तीच घाई. पलूसच्या होत्या, सांगलीच्या होत्या, दोन शिक्षिका, एक तिच्याच गल्लीतली, जी रोज जिन्यात भेटायची आणि झाला का स्वयंपाक म्हणून विचारायची. त्यांचे रंग फिके होते. पण सरांनीच सांगितलं होतं, एका नळीवरून कुणाला काही सांगता येत नाही. मग गर्द रंगावरून सांगता येत नसेल तर फिक्यावरून तरी कसं येतं? एकोणतीस बायका खालच्या ओळीत उभ्या होत्या. सगळ्यांना तिने मान खाली घालून विचारलं होतं. तिने वही मिटली. दुपारच्या सुट्टीत ती बायकांच्या न्हाणीत गेली, आतून कडी घातली आणि चोळीची बटणं काढून उभी राहिली. हात वर उचलला. बाहेर कुणीतरी बादली ठेवली, नळ सोडला. तिने हात तसाच धरून ठेवला, हवेत, छातीपासून चार बोटांवर. मग बटणं लावली. आज नको, तिने ठरवलं. दगडाबाईचं ऑपरेशन होऊ दे. आणि हे ठरवताना आपण कुणाच्या आवाजात ठरवतोय ते तिला स्पष्ट ऐकू आलं.

ऑपरेशन बुधवारी होतं. पलूसकडचे कुणी मेंढके भेटले होते, त्यांच्याकडून ज्योतिबाला निरोप गेला होता. पोचला की नाही कळायला मार्ग नव्हता. सकाळी नीलिमा स्वतः रक्त घ्यायला वॉर्डात गेली. दगडाबाईला हिरवा झगा घातला होता, बांगड्या काढायला लावल्या होत्या. उघडं मनगट ती दुसऱ्या हाताने झाकून बसली होती. खाटेवर ती आणखी लांब दिसत होती, पाय गजांबाहेर गेले होते. शेजारच्या खाटेवरची बाई नारळाचं पाणी पीत होती आणि दगडाबाईकडे बघत नव्हती. या वॉर्डात ऑपरेशनला निघालेल्या बाईकडे कुणी बघत नसे.

"आलं न्हाईत मालक," दगडाबाई म्हणाली.

"येतील."

"आलं आनि मी आत आसले तर सांगा, शेळी हौसाच्या वस्तीवर हाय. आनि रागवू नगा म्हनावं."

नीलिमाने रबरी नळी दंडाला बांधली. शीर दिसत होती, सरळ, जाड, आंधळ्यालाही सापडावी अशी. बारा वर्षांत तिने किती शिरा घेतल्या याची मोजदाद नव्हती. सुई टेकवली आणि ती शिरेशेजारून गेली. रक्त आलं नाही. त्वचेखाली निळा फुगवटा आला. "चुकलं," ती म्हणाली, "चुकलं, माफ करा," आणि बोळा दाबून धरला.

"घ्या, घ्या. मला काय दुकत न्हाई."

तिने दुसरा हात घेतला. या वेळी सुई घालण्याआधी तिने मान वर केली. दगडाबाई तिच्याकडेच बघत होती. डोळे घारे होते, उजव्या डोळ्याच्या कडेला जुन्या जखमेचा वण होता, भुवया पिकायला लागल्या होत्या. इतक्या दिवसांत हे नीलिमाला आत्ता दिसलं. ती त्या डोळ्यांत बघत राहिली आणि बोटांनी शीर चाचपली, सुई घातली. रक्त उसळून आलं.

"ह्या बारीला बिगीबिगी सांगा," दगडाबाई म्हणाली.

"अर्ध्या तासात सांगते."

अर्ध्या तासात हिमोग्लोबिन कळणार होतं. रक्ताचा गट कळणार होता. त्याहून जास्त काही या नळीतून कळणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिने नळी मुठीत धरली. ती अजून गरम होती. वॉर्डाच्या दारापर्यंत नीलिमा चालत गेली, आणि जिन्यावरून पळत सुटली.